दुखतंय, की उठवत नाही?

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या ५१ वर्षांच्या बाई लिहितात, की गेले आठ महिने मांड्या, खांदे आणि दंड सतत दुखतात. सकाळी अंग आखडलेलं असतं, वीसेक मिनिटांत सैल होतं. वर्षभरात वजन पाच किलोनं वाढलं, केस गळतात, पोट साफ होत नाही. चौदा महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल २६२ निघालं, तेव्हापासून ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम चालू आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी आणि केसांसाठी बायोटिनची गोळी घेतात. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला, एक चकती थोडी फुगलेली दिसली. 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' नॉर्मल आलं. ड जीवनसत्त्व १४ निघालं म्हणून महिन्याला एक अशी सहा लाख युनिटची तीन इंजेक्शनं झाली, ब१२ची वेगळी. एसजीओटी ६८ आणि एसजीपीटी ६१ आलं म्हणून लिव्हरचं टॉनिक सुरू झालं. थायरॉइड तीन वर्षांपूर्वी नॉर्मल होतं. फरक काही नाही. घरचे म्हणतात वय झालं, नणंद म्हणते वात आहे आणि काढा देते, आणि एका डॉक्टरांनी 'मनावर घेऊ नका' म्हणून पाठवून दिलं. त्यांचे प्रश्न तीन: कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का? शंभर चाचण्यांचं पॅकेज करून टाकू का? हा फायब्रोमायल्जिया असेल का?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे: '(हल्ली मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागतो, पण ते वजनामुळे असेल.)' रिपोर्टांचे आकडे तुम्ही अधोरेखित केलेत आणि हे मात्र जाता जाता लिहिलंत. सुरुवात इथूनच करू.

दुखणं वेगळं आणि उठवत नसणं वेगळं. आपण बोलताना दोन्हींना 'अंग गेलंय' म्हणतो, डॉक्टरांच्या खोलीत त्याचं 'दुखतंय' होतं, आणि मग शोध निघतो तो फक्त दुखण्याचा. एक्स-रे, एमआरआय, युरिक ॲसिड, संधिवाताच्या चाचण्या, सगळं त्याच वाटेवरचं. तुमच्या आठ महिन्यांत हेच झालेलं दिसतं. स्नायू दुखतो पण ताकद शाबूत आहे, तर कारणांची यादी लांबलचक असते आणि त्यातली बरीचशी कारणं घाईची नसतात. ताकदच कमी झाली असेल तर यादी लहान होते, तिच्यातली निम्मी कारणं नीट उपचारांनी बरी होतात, आणि थांबायला मात्र वेळ नसतो. पाच किलो वजन वाढलेलं माणूस उठताना कण्हेल, हे खरं. पण निव्वळ पाच किलोंनी हात टेकायची वेळ सहसा येत नाही.

तेव्हा एक साधी तपासणी घरीच करा. हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर आडवे बांधा. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा. कोणाला तरी मोबाइलवर सेकंद मोजायला सांगा आणि जवळच उभं करा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आकडा लिहून ठेवा. हात सोडवल्याशिवाय उठताच आलं नाही, तर तेही तसंच लिहा. आणि दुखलं म्हणून थांबलात की पाय उचललेच नाहीत म्हणून, हेही लिहा. दुखऱ्या माणसाचा जोर दुखण्यामुळेही कमी पडतो. डॉक्टर म्हणूनच 'एकच क्षण पूर्ण जोर लावा' असं सांगून बघतात. तो एक क्षण जोर भक्कम लागला आणि मग कळ येऊन सुटला, तर स्नायूची ताकद बहुतेक ठीक असते.

खांद्यांसाठी वेगळं काही करायला नको. दोरीवर कपडे वाळत घालताना मध्येच हात खाली आणावे लागतात का? वेणी घालताना? वरच्या फळीवरचा डाळीचा डबा? एसटीची पहिली पायरी? मांडी, नितंब आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंची ही कामं आहेत. ती दोन्ही बाजूंना सारखी जड जात असतील तर दोष बहुधा स्नायूंतच. याउलट चप्पल पायातून निसटते आणि पत्ताच लागत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, तळव्यांची आग होते किंवा मुंग्या येतात, असं असेल तर संशय नसांवर जातो. ब१२ आणि मधुमेह यांचा प्रांत तो. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्यांनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ब१२ जरूर बघावं, पण ब१२ कमी आहे म्हणून जिना चढवत नाही, असं सहसा होत नाही. तुमची ब१२ची इंजेक्शनं वाया गेली असं नाही, पण ती या दुखण्यावरची नव्हती.

आता एक राहिलेली चाचणी. एवढ्या कागदांत सीपीके कुठेच दिसत नाही. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, स्नायूंच्या पेशींतलं एन्झाइम. पेशी दुखावल्या की ते रक्तात गळतं. बहुतेक प्रयोगशाळांत स्त्रियांसाठी वरची मर्यादा २००च्या जरा अलीकडे असते, आणि चाचणी काहीशे रुपयांत होते. स्नायूंबद्दल प्रश्न आहे आणि सीपीके झालेलं नाही, म्हणजे चोरी स्वयंपाकघरात आणि शोध अंगणात.

आणि तुमच्या कागदांत एक धागा आधीच लोंबतो आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी यांना सगळे 'लिव्हरची चाचणी' म्हणतात, पण ही दोन्ही एन्झाइमं स्नायूंतही असतात. स्नायू दुखावला की दोन्ही वाढतात, आणि एसजीओटी बहुतेक वेळा जास्त. तुमचं तसंच आहे. यकृताचा दोष की स्नायूंचा, हे ओळखायला जीजीटी हे आणखी एक एन्झाइम उपयोगी पडतं, कारण ते स्नायूंतून येत नाही. जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, सीपीके वाढलेलं, म्हणजे यकृत बिचारं निर्दोष. यकृतात चरबी असेल तरीही हे आकडे असे येऊ शकतात, म्हणून हा पुरावा नव्हे. पण टॉनिकआधी सीपीके व्हायला हवं होतं.

सीपीकेचा एक दोष आहे, ते फार लवकर चिडतं. कमरेत घेतलेलं कुठलंही इंजेक्शन, मग ते डायक्लोफेनॅकचं असो, ड जीवनसत्त्वाचं असो की ब१२चं, त्या जागचा स्नायू दुखावतं आणि आकडा वाढतो. नवीन व्यायाम, घराची रंगरंगोटी, दिवाळीची साफसफाई, गडावरची सहल, यांनीही काही दिवस तो वर राहतो. म्हणून रक्त देण्याआधी आठवडाभर स्नायूत इंजेक्शन नको, चार-पाच दिवस जड काम किंवा दाबून मालीश नको. तरीही आकडा ३००-४०० आला तर घाबरून जाऊ नका. आठवड्याभराची विश्रांती घेऊन पुन्हा बघायचं.

आता थायरॉइड. सगळ्यात आधी मी तिकडेच बघेन. वाढलेलं वजन, बद्धकोष्ठता, केस गळणं, आखडलेलं अंग, मांड्या-खांदे जड, आणि सगळ्यांत वर ते २६२ कोलेस्टेरॉल. थायरॉइड मंदावलं की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही आणि ते वाढतं. तुमच्यात ते तसं वाढलं असेल, तर साखळी अशी होईल: मंद थायरॉइडमुळे कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉलवर स्टॅटिन, आणि मंद थायरॉइड असताना स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रास जास्त. म्हणजे गोळी चुकीची नाही, पण तिच्याआधी एक चाचणी व्हायला हवी होती. थायरॉइड मंदावलं की रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढतं. तीन वर्षांपूर्वीचं नॉर्मल टीएसएच आज कामाचं नाही. या वयात, विशेषतः बायकांमध्ये, तीन वर्षांत बरंच बदलतं.

चाचणीला जाण्याआधी ती केसांची गोळी थांबवा. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे काहीशे पट. रक्तात एवढं बायोटिन असलं की थायरॉइड मोजायच्या काही किटांचा हिशेब चुकतो आणि टीएसएच खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. गंमत बघा, थायरॉइडमुळे केस गळतात, केसांसाठी बायोटिन घेतलं जातं, आणि बायोटिन थायरॉइडचाच दोष झाकून टाकतं. निदान तीन दिवस आधी ते बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगाही.

टीएसएच वाढलेलं आलं तर सोबत फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, बघायचं. इथे एक सावधगिरी. टीएसएच ६ किंवा ७ आणि फ्री टी४ नॉर्मल, एवढ्यानं ताकद जाण्याइतका त्रास सहसा होत नाही. तसा आकडा आला की 'सापडलं!' म्हणून बाकीचा शोध थांबवू नका. टीएसएच बरंच वाढलेलं आणि फ्री टी४ खाली, सीपीकेही चढलेलं, असं चित्र असेल तर मात्र जुळतं. मग लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा निदान अर्ध्या तासानं, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. मात्रा ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. सीपीके काही आठवड्यांत उतरायला लागतं, ताकद यायला महिने लागतात. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे बरेच असतात. तुम्ही तसं करू नका. टीएसएच जागेवर आलं की कोलेस्टेरॉल पुन्हा मोजायचं. स्टॅटिन लागतं की नाही, किती लागतं, हे तेव्हा नव्यानं ठरवता येतं.

यातून तुमचा पहिला प्रश्न अर्धा सुटला. उरलेला अर्धा असा: गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि तिलाच दोषी धरून बसूही नका. स्टॅटिनचा खरा त्रास बहुधा गोळी सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या-खांद्यांत. तुमचं दुखणं सहा महिन्यांनी सुरू झालं. म्हणजे शक्यता आहे, पण ठाम म्हणता येत नाही. दुसरी बाजूही ऐका. २०२० साली ब्रिटनमधला 'सॅमसन' नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून ती सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खरी गोळी होती ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, म्हणजे तुमचीच. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास लोकांनी नोंदवला, त्यातला ९० टक्के नकली गोळीवरही झाला. लोक खोटं बोलत नव्हते, दुखणं खरंच होतं. पण त्याचं कारण बहुतेकांमध्ये गोळीतलं औषध नव्हतं.

म्हणून पद्धत अशी असते. आधी सीपीके. आकडा वरच्या मर्यादेच्या दहा पट, म्हणजे साधारण दोन हजारांच्या पुढे गेला, तर गोळी त्याच दिवशी बंद, भरपूर पाणी, लगेच क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि डॉक्टरांना फोन. चार पटींच्या वर असेल तरीही थांबवून विचार करावा लागतो. त्याखाली असेल तर तुमच्या डॉक्टरांच्या संमतीनं दोन ते चार आठवडे गोळी थांबवायची आणि रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहामध्ये गुण देऊन वहीत लिहायचं. मग पुन्हा सुरू करायची आणि वही चालू ठेवायची. थांबवल्यावर कमी झालं आणि सुरू केल्यावर परत आलं, तर गोळीवर बोट ठेवता येतं. मग कमी मात्रा, किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखी दुसरी. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. गोळी बंद, त्याच दिवशी काढा सुरू आणि योगवर्गही सुरू, असं केलं की कशानं बरं वाटलं ते देवालाच ठाऊक. ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. आणि गोळी सोडून महिने झाले तरी ताकद कमीच होत गेली, सीपीके हजारांत राहिलं, तर तो शरीरानं स्वतःच्या स्नायूंवर केलेला हल्ला असू शकतो. तो दुर्मीळ आहे, पण त्याला वेगळे उपचार लागतात.

हीच गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सुरू झालं की यकृतात ॲटोरव्हास्टॅटिन मोडणारं एन्झाइम अडतं, रक्तातली मात्रा चढते आणि त्या आठवड्यांतच मांड्या भरून येतात. गजकर्णाचे उपचार हल्ली महिना-महिना चालतात. त्वचेच्या डॉक्टरांना कोलेस्टेरॉलची गोळी सांगायची कोणाला आठवण राहत नाही.

तुमच्या इंजेक्शनांबद्दल मला काळजी वाटते, ती वेगळीच. ड जीवनसत्त्व १४ म्हणजे कमी खरंच, २०च्या खाली ते कमीच धरतात. पण हाडं मऊ पडून मांड्यांची ताकद जाणं बहुधा त्याहून बऱ्याच खालच्या पातळीला, दहाच्याही खाली होतं. तिथे नडगीच्या हाडावर किंवा बरगड्यांवर अंगठ्यानं दाबलं की कळ येते, चाल बदकासारखी होते, अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, फॉस्फरस उतरतं. तुम्ही मात्र तीन महिन्यांत १८ लाख युनिट घेतलीत. स्नायूत दिलेलं ड जीवनसत्त्व हळूहळू, महिनोन् महिने रक्तात उतरत राहतं. त्यात तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं. दोन्ही एकत्र आलं की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि कॅल्शियम वाढल्याची लक्षणं कोणती? बद्धकोष्ठता, थकवा, तहान, वारंवार लघवी, स्नायू ढिले. तुमच्या पोटाच्या तक्रारीला आता दोन दावेदार झाले. चौथं इंजेक्शन घेऊ नका. कॅल्शियम, सोबत अल्ब्युमिन, आणि ड जीवनसत्त्वाची पातळी आधी मोजा. ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांच्यासाठी नेहमीची रीत म्हणजे ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर किंवा दुधासोबत. आठवड्याची पुडी रोज घेणं ही नेहमी होणारी चूक आहे, आणि ती साधी चूक नाही.

तेच क्लोरथॅलिडोन पोटॅशियम घालवतं. पोटॅशियम उतरलं की पेटके येतात, पाय ओढले जातात. नणंदेनं दिलेल्या काढ्यात ज्येष्ठमध आहे का ते विचारा. जास्त प्रमाणात आणि बरेच दिवस घेतलेला ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम आणखी खाली आणतो. खोकल्याला दोन दिवस कांडी चघळणं निराळं.

पॅकेजचं विचारलंत. करू नका. शंभर चाचण्यांत पाच-सहा आकडे ठळक अक्षरांत येणारच, कारण 'नॉर्मल' ही मर्यादाच अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाचेक तिच्या बाहेर पडावीत. मग त्या आकड्यांमागे धावायचं. संधिवातासारख्या आजारांत बघतात ते एएनए निरोगी माणसांतही कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येतं. युरिक ॲसिड ६.४ मुळे मांड्या दुखत नाहीत. आणि ती एमआरआयमधली चकती? कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या साधारण ६० टक्के लोकांत अशी फुगलेली चकती दिसते. पायात वीज चमकल्यासारखी कळ नाही, बधिरपणा नाही, म्हणजे तिच्यावर आळ घालण्यात अर्थ नाही. हां, चालताना पोटऱ्या भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की मोकळ्या होतात, असं कोणाचं असेल तर ते मणक्याचं दुखणं असू शकतं आणि तिथे एमआरआय कामाचा. तुमचं तसं नाही.

तुम्हाला लागणाऱ्या चाचण्या एका चिठ्ठीत मावतात: सीपीके, टीएसएच आणि फ्री टी४, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी, क्रिएटिनिन, हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरात कुठे दाह आहे का, हे दाखवणाऱ्या), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ड जीवनसत्त्व आणि साधी लघवी. पुढचं काही लागलं तर यांच्या उत्तरांवरून ठरेल. सीपीके हजारांत आणि ताकद कमी, तर संधिवाततज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर, मग अँटिबॉडी, इएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), मांडीचा एमआरआय, वेळ पडली तर स्नायूचा तुकडा. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप जास्त आणि हाडं दुखतात, तर पन्नाशीनंतर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करायला विसरू नये.

ईएसआर आणि सीआरपी घालण्याचं खास कारण आहे. पन्नाशीनंतर, खरं तर साठी-सत्तरीत जास्त, पॉलिमायल्जिया नावाचा आजार होतो. सकाळी पाऊण तासाहून जास्त वेळ खांदे आणि कंबरेखालचा भाग असा जखडतो की कूस बदलवत नाही. सीपीके नॉर्मल, ईएसआर-सीआरपी चढलेलं. स्टेरॉइडच्या थोड्या मात्रेनं काही दिवसांत माणूस उभं राहतं. तुमचं वीस मिनिटांत सुटतं, म्हणून माझा संशय कमी. पण तुमच्या आई-सासूच्या वयाच्या कोणाला असं होत असेल आणि सोबत नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे डोळा जाण्याची भीती असते.

फायब्रोमायल्जिया असेल का? असू शकतो, आणि तो 'मनाचा' नसतो. दुखण्याचे संदेश मोजणारी यंत्रणाच जास्त तिखट झालेली असते. पण त्याचं चित्र वेगळं: तीन महिन्यांहून जास्त काळ, अंगाच्या बहुतेक भागांत, नुसतं मांड्या-खांद्यांत नव्हे, रात्रभर झोपूनही थकवा, लक्ष न लागणं. ताकद तपासली तर नीट असते, सीपीके आणि ईएसआर नॉर्मल असतात. तुमच्या पत्रात झोपेबद्दल अक्षर नाही. पाळी थांबण्याच्या या काळात रात्री घाम येऊन झोप मोडते, आणि मोडलेली झोप दुखणं वाढवते. घोरणं असेल तर तेही सांगा. सगळं तपासून तोच निघाला, तर उपचारांत पहिला नंबर हळूहळू वाढवलेल्या चालण्याचा असतो: दहा मिनिटांनी सुरुवात, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं जास्त, बऱ्या दिवशीही त्याहून पुढे जायचं नाही. झोपेसाठी डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमसारखं औषध रात्री देतात. ते नैराश्याचं औषध आहे असं गुगलवर वाचून लोक सोडतात. एवढ्या कमी मात्रेत ते दुखण्यासाठी दिलेलं असतं.

चाचण्यांची वाट न बघता लगेच जायचं ते कधी? लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली. गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं. उशीवरून मान उचलवत नाही, दम लागतो. काही दिवसांत ताकद झपाट्यानं उतरते आहे. पापण्यांवर जांभळट झाक किंवा बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे आले आहेत. चाळिशीनंतर या पुरळासोबत ताकद गेली तर डॉक्टर शरीरात कुठे कर्करोग आहे का तेही शोधतात, आणि ते बरोबरच आहे. ताप आणि वजन घटणं, एकच पोटरी सुजणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हेही त्याच यादीत.

तोवर दुखण्याला काय? पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दिवसाला सहाच्या वर नको, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे बघून. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन तुम्ही टाळा. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि त्यावर ही वेदनाशामकं, हे तिघं मिळून किडनीला त्रास देतात, उन्हाळ्यात तर विशेष. आणि एका चमच्यात आराम देणारी, नाव-गाव नसलेली पुडी कोणी आणून दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठ दिवस माणूस नाचायला लागतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, मांड्यांचा स्नायू आणखी झिजतो. आधीच घेत असेल कोणी, तर अचानक बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांना खरं सांगूनच ती उतरवायची.

आता जायचं ते हाडांच्या डॉक्टरांकडे नको, एमडी मेडिसिन झालेल्या फिजिशियनकडे. बसल्यावर पहिलं वाक्य 'डॉक्टर, अंग दुखतं' असं नको. 'आठ महिन्यांपासून मांड्या-खांदे दुखतात आणि जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठवत नाही, खुर्चीतून पाच वेळा उठायला एवढे सेकंद लागले' असं सांगा, आणि तपासणीच्या पलंगावर बसून खांदे आणि मांड्यांची ताकद बघायला सांगा. एका कागदावर तारखा लिहून न्या: गोळी कधी सुरू, दुखणं कधी सुरू, कोणतं इंजेक्शन केव्हा. आणि एका पिशवीत सगळ्या औषधांची पाकिटं, केसांच्या गोळीचं आणि लिव्हरच्या टॉनिकचंसुद्धा. नणंदेच्या काढ्याची बाटली घरी ठेवू नका, तीही त्याच पिशवीत घाला.